ट्रॉलरचा गिअरबॉक्स घसरतो आहे: आतले काम करून घ्यावे की नवीन बसवावा?

मिऱ्याचा वारा | ३ जून, सायंकाळी ६.२०

आमची ४८ फुटी लाकडी ट्रॉलर (जाळे ओढत मासे धरणारी) नौका रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून चालते. इंजिन सहा सिलिंडरचे असून मिनिटाला १८०० फेऱ्यांना १२० अश्वशक्ती देते. त्याच्या मागे हायड्रॉलिक क्लचचा गिअरबॉक्स आहे, त्याचे गुणोत्तर ३:१ आहे (इंजिनाच्या तीन फेऱ्यांना पाण्यातल्या पंख्याच्या शाफ्टची एक) आणि तो अकरा वर्षांत एकदाही उघडलेला नाही. मे महिन्याच्या सुरुवातीपासून असे होऊ लागले की पहाटे बंदरातून निघताना सारे व्यवस्थित असते, परंतु जाळे ओढायला लागून दीड-दोन तास झाले की इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, शाफ्टच्या मात्र वाढत नाहीत. तांडेलाने (नौका चालवणाऱ्या प्रमुखाने) वेग कमी करून थोडा वेळ थांबावे, तेल निवले की पुन्हा काही काळ ओढ मिळते. रिव्हर्समध्ये असा त्रास जाणवलेला नाही. तेल काळपट झाले आहे आणि त्याला जळल्यासारखा वास येतो.

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी सुरू होण्याआधीच नौका किनाऱ्यावर ओढून शाकारली आहे, म्हणजे ३१ जुलैपर्यंत आमच्या हाती दोन महिने आहेत. एका मिस्त्रींनी क्लच प्लेट, सील आणि बेअरिंग बदलून ८५ हजारांत काम करून देतो असे सांगितले. दुसऱ्यांचे म्हणणे असे की अकरा वर्षांच्या पेटीवर पैसे घालू नयेत. त्यांच्याकडे नवीन गिअरबॉक्स लगेच मिळण्यासारखा आहे, पावणेतीन लाखांच्या आसपास, परंतु त्याचे गुणोत्तर २.५:१ आहे. ‘तेवढ्याने काही बिघडत नाही’ असे ते म्हणतात. तिसऱ्या एकाने तूर्त ९० नंबरचे जाड तेल भरून एक हंगाम काढायला सांगितले आहे. वडिलांचा कल नवीन घेण्याकडे आहे. ज्यांनी हे काम स्वतः केले किंवा करवून घेतले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

शाफ्टलाइन | ३ जून, रात्री १०.०५

मी अनेक वर्षे नौकांच्या गिअरबॉक्सचेच काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम ९० नंबरच्या तेलाविषयी. ते अजिबात भरू नका. ते तेल दातांवरचा दाब सोसण्यासाठी बनवलेले असते आणि त्यातली रसायने हायड्रॉलिक क्लचच्या प्लेटांना मानवत नाहीत. शिवाय ते जाड असल्यामुळे पंपाला गाळणीतून ओढताना कष्ट पडतात. तुमच्या पेटीच्या पुस्तकात जे तेल सांगितले असेल, इंजिन ऑईल असो वा ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे तेल, तेच आणि त्याच ग्रेडचे वापरायचे.

आता मूळ प्रश्न. दुरुस्ती की नवीन, हे ठरवण्याची वेळ अजून आलेली नाही. क्लच घसरतो हे लक्षण झाले, कारण अद्याप कळलेले नाही. कारण न शोधता नवीन पेटी बसवली तर तीही त्याच वाटेने जाईल. मी असे एकाच नौकेवर दोनदा घडलेले पाहिले आहे.

तुमच्या वर्णनातून दोन गोष्टी कळतात. थंड असताना धरतो आणि तापल्यावर सोडतो, याचा अर्थ तेल पातळ झाले की दाब कोठेतरी गळून जातो. दोन्ही दिशांना घसरत असता तर मी पंप, दाब राखणारा व्हॉल्व्ह, तेलाची पातळी किंवा तुंबलेली गाळणी यांच्याकडे बोट दाखवले असते, कारण हे भाग पुढच्या आणि मागच्या क्लचला समाईक असतात. फक्त पुढे जाताना घसरतो, म्हणून संशय पुढच्या क्लचच्या प्लेटांवर, त्याच्या पिस्टनच्या सीलवर किंवा त्या शाफ्टवरच्या सीलिंग रिंगांवर जातो. परंतु एक खबरदारी घ्या. रिव्हर्स तुम्ही जेमतेम अर्धा मिनिट वापरता आणि तेही भार नसताना, त्यामुळे रिव्हर्स ठणठणीत आहे असे इतक्यात मानू नका.

पेटी उघडण्यापूर्वी दोन कामे करा. पहिले बिनखर्चाचे आहे: गिअरच्या केबलची पिन काढा आणि पेटीवरचा लिव्हर हाताने शेवटपर्यंत ढकलून पाहा. केबल ताणली किंवा गंजली की केबिनमधला दांडा पूर्ण पुढे जातो, पेटीवरचा लिव्हर मात्र थोडा अलीकडेच थांबतो. मग व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो, दाब अपुरा पडतो आणि प्लेटा जळतात. अनेकदा दोष पेटीत नसून केबलमध्ये निघतो.

दुसरे काम दाब मोजण्याचे. पेटीवर गेज लावण्यासाठी बूच असते, तेथे चांगला प्रेशर गेज बसवा. नौका किनाऱ्यावर असल्याने शाफ्टचा फ्लँज (पेटीला जोडणारी बोल्टची चकती) सोडवून ठेवा, कारण स्टर्न ट्यूबचे (शाफ्ट नौकेबाहेर जातो त्या नळीचे) बेअरिंग आणि ग्लँडची (पाणी अडवणारी) डोरी पाण्याविना फिरवली तर जळून जाईल. इंजिनाच्या खाऱ्या पाण्याच्या नळीला २०० लिटरचे पिंप जोडा आणि ते सतत भरते ठेवा. भार नसल्यामुळे घसरण दिसणार नाही, परंतु दाब दिसेल. थंड असताना न्यूट्रल, पुढे आणि मागे असे तीन आकडे घ्या, मग तेल किमान ६० अंशांपर्यंत तापू द्या आणि पुन्हा तेच तीन आकडे घ्या. ते येथे लिहा, म्हणजे पुढचे बोलता येईल.

---

खाडीपलीकडे | ४ जून, सकाळी ७.५०

हर्णैला आमच्या दोन नौका आहेत. ‘तेवढ्याने काही बिघडत नाही’ हे वाक्य वाचून राहवले नाही, कारण नेमक्या याच वाक्यावर विश्वास ठेवून आम्ही एक हंगाम घालवला आहे.

आमचाही गिअरबॉक्स ३:१ होता आणि त्या जागी २.५:१ बसवला. १८०० फेऱ्यांना पूर्वी पंखा ६०० फेऱ्यांनी फिरत असे, नव्या पेटीने तो ७२० फेऱ्यांनी फिरायला हवा होता. फेऱ्या फक्त १.२ पट झाल्या असे वाटते, परंतु पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.२ चा घन १.७३ होतो. म्हणजे १२० अश्वशक्तीच्या इंजिनाकडे तोच पंखा दोनशेहून अधिक अश्वशक्ती मागतो. इंजिन ती कोठून देणार? आमचे इंजिन १४०० फेऱ्यांच्या वर चढतच नव्हते. धुराड्यातून काळा धूर निघत होता, पाणी तापत होते आणि डिझेल वाढले होते ते वेगळेच. शेवटी लहान पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे ढकलणारा) पंखा घ्यावा लागला. तो घेतल्यावर इंजिन मोकळे झाले, परंतु जाळे ओढण्याची ताकद पूर्वीसारखी राहिली नाही. सावकाश फिरणारा मोठा पंखा ओढीच्या कामाला अधिक चांगला असतो, लहान आणि वेगाने फिरणारा पंखा त्याची बरोबरी करत नाही.

नवीन घ्यायचाच असेल तर ३:१ चाच मागवा, उशीर झाला तरी चालेल. आणि तुमची जुनी पेटी पुढे जाताना पंखा कोणत्या दिशेने फिरवते हे लिहून ठेवा. काही पेट्या इंजिनाच्या दिशेने फिरवतात, काही उलट. दिशा बदलली तर उजव्या हाताचा पंखा काढून डाव्या हाताचा घ्यावा लागतो.

---

मिऱ्याचा वारा | ८ जून, रात्री ९.१५

आपणा दोघांचे मनापासून आभार. खाडीपलीकडे यांचा हिशेब मी कागदावर मांडून वडिलांना दाखवला. २.५:१ चा विषय आमच्याकडे तरी संपला आहे.

केबल तपासली. लिव्हर शेवटच्या खाचेपर्यंत जाण्याआधी साधारण ६ मिलिमीटर अलीकडे थांबत होता, ती आता जुळवून घेतली आहे. त्यानंतर दाब घेतला. आमच्या पेटीच्या पुस्तकात १४ ते १६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असा दाब दिला आहे. थंड असताना पुढे आणि मागे दोन्हीकडे १६ मिळाला. तेल तापल्यावर मागे १५ राहिला, पुढे मात्र ९ वर उतरला. तेल किती तापले ते पाहण्यासाठी पेटीच्या तळाशी तापमापक धरला होता. शाफ्ट सोडवलेला असूनही तासाभरात ते ७५ अंशांवर गेले.

---

शाफ्टलाइन | ८ जून, रात्री ११.३०

आकडे उत्तम घेतले आहेत. मागचा दाब टिकतो, म्हणजे पंप आणि दाबाचा व्हॉल्व्ह दोन्ही चांगले आहेत. पुढचा ९ वर येतो, म्हणजे पुढच्या क्लचच्या रिंगा किंवा पिस्टनचे सील गेले आहे. केबल जुळवूनही ९ मिळतो, म्हणून पेटी उघडावीच लागेल, यात आता शंका नाही.

परंतु मला त्याहून अधिक खटकला तो शेवटचा आकडा. शाफ्टवर भार नाही, जाळे नाही, आणि तरी तासाभरात ७५ अंश? तेल निवत नाही असे दिसते. रिंगा आणि सील उष्णतेने कडक होऊन मरतात. ती उष्णता कोठून आली हे कळले नाही तर नव्या रिंगाही तशाच जातील. पेटी उतरवाल तेव्हा ऑईल कूलरही (खाऱ्या पाण्याने तेल निववणारा भाग) उतरवा.

---

थेम्सकाठचा कोकणी | ९ जून, दुपारी २.४०

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझी नौका लहान, शिडाची आहे. तरीही नवीन पेटी घेण्याचा प्रसंग आलाच तर उपयोगी पडतील अशा दोन-तीन गोष्टी लिहितो.

इंजिनाच्या मागच्या घंटाकृती कव्हरचे माप एस.ए.ई. या अभियंता संस्थेच्या क्रमांकाने ठरते. क्रमांक ३ च्या बोल्टवर्तुळाचा व्यास ४२८.६ मिलिमीटर असतो, क्रमांक २ चा ४६६.७ आणि क्रमांक १ चा ५३०.२. या तिन्हींना १२ बोल्ट असतात, त्यामुळे केवळ बोल्ट मोजून माप कळत नाही, वर्तुळ मोजावेच लागते. फ्लायव्हीलवरच्या (इंजिनामागच्या जड चाकावरच्या) कपलिंगचे मापही निराळे असते: साडेअकरा इंची कपलिंगचा बाहेरचा व्यास ३५२.४ मिलिमीटर, चौदा इंचीचा ४६६.७. त्यानंतर पेटीत शिरणारा शाफ्ट आणि बाहेर पडणारा शाफ्ट यांच्यातले उभे अंतर पाहा. नव्या पेटीत ते दोन इंचांनी कमी-अधिक निघाले तर संपूर्ण इंजिन उचलावे किंवा उतरवावे लागते, आणि लाकडी फाउंडेशनवर ते काम फार मोठे आहे.

क्षमतेचा आकडा पाहताना तो कोणत्या वापरासाठी दिला आहे हेही वाचा. एकाच पेटीला सहलीच्या नौकेसाठी एक आकडा देतात आणि सतत भाराखाली चालणाऱ्या नौकेसाठी त्याहून बराच लहान. ट्रॉलरला हा दुसरा आकडाच लागू होतो. तुमच्या इंजिनाचे पीळबळ (टॉर्क) १२० गुणिले ७१६.२ भागिले १८००, म्हणजे साधारण ४८ किलोग्रॅम-मीटर होते आणि पेटीतून बाहेर पडताना ते तिप्पट होते. तेवढे बळ ती पेटी दिवसभर पेलणारी हवी.

माझ्या पेटीचा अनुभवही येथे जोडतो. मंद गतीवर खडखड आवाज येत होता आणि मी पेटीलाच दोष देत राहिलो. प्रत्यक्षात फ्लायव्हील आणि पेटी यांच्यामधली डँपर प्लेट झिजली होती. इंजिनाचे धक्के शोषण्यासाठी ती असते. ती गेली की तेच धक्के पेटीच्या खाचांवर बसतात. पेटी उतरवलीच आहे तर ती प्लेट अवश्य पाहा.

---

मिऱ्याचा वारा | १९ जून, रात्री ८.००

पेटी उतरवली आणि उघडली. तिचे वजन दोनशे किलोंच्या वर असल्यामुळे चेनब्लॉक लावून, केबिनची फळी काढून ती वर घ्यावी लागली. मिस्त्रींनी माझ्यासमोर एकेक भाग काढून फळीवर क्रमाने मांडला आणि मी प्रत्येकाचे छायाचित्र घेतले.

पुढच्या क्लचच्या प्लेटांचे अस्तर जवळजवळ संपले आहे. त्यांच्यामधल्या पोलादी प्लेटांपैकी दोन निळ्या पडल्या आहेत आणि काचेवर ठेवल्या तर बशीसारख्या डोलतात. शाफ्टवरच्या सीलिंग रिंगांपैकी एक दोन तुकड्यांत निघाली. पिस्टनचा ओ रिंग इतका कडक झाला आहे की नखाने दाबला तर तडकतो. मागच्या क्लचच्या प्लेटांवर मात्र खाचांची नक्षी अजून स्पष्ट दिसते. ज्या हबवर प्लेटा सरकतात त्याच्या दातांवर बोटाला लागेल अशी पायरी पडली आहे. बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या टेपर रोलर बेअरिंगच्या धावेवर लहान लहान खड्डे आहेत. दातचक्रे चांगली आहेत, दातांवर एकसारखी चकाकी आहे, खड्डे नाहीत. तेलात पाणी गेल्याचे चिन्ह नाही. थेम्सकाठचा कोकणी यांनी सांगितल्याप्रमाणे डँपर पाहिला: सहापैकी चार रबरी ठोकळ्यांचा चुरा झाला आहे.

याशिवाय फ्लँज सोडवलेला होता म्हणून पेटीच्या आणि शाफ्टच्या फ्लँजांमध्ये फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) घालून पाहिला. वरच्या बाजूला १.२ मिलिमीटर फट आहे. सगळ्या बिघाडाचे मूळ हेच असावे का?

---

शाफ्टलाइन | १९ जून, रात्री १०.४५

ती १.२ मिलिमीटरची फट विसरून जा. लाकडी नौका किनाऱ्यावर टेकूंवर बसलेली असते तेव्हा तिचा आकार पाण्यातल्यासारखा राहत नाही. जमिनीवर घेतलेले अलाइनमेंटचे (पेटी आणि शाफ्ट एका रेषेत असण्याचे) माप चुकीचे म्हणूनच धरायचे आणि त्यावर विसंबून इंजिन हलवायचे नाही. ते माप पाण्यात उतरल्यावर घेऊ.

दातचक्रे चांगली आहेत ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. पेटीतला सर्वांत महाग भाग तोच, आणि एक चक्र गेले की जोडीचे दुसरेही बदलावे लागते, कारण ती एकमेकांवर घासून बसलेली असतात. चक्रे, पेटीचे कवच आणि बेअरिंगच्या बैठका शाबूत असतील तर अकरा वर्षे हे वय काहीच नाही. तुमच्या पेटीचे काम करून घेण्यासारखे आहे, असे मी आता निःशंकपणे म्हणतो. कवचाला तडा असता किंवा बेअरिंग आपल्या बैठकीत फिरून तिचे भोक मोठे झाले असते, तर मी वडिलांच्या बाजूने बोललो असतो.

हब मात्र बदला. त्या पायरीत प्लेटा अडकतात, न्यूट्रलमध्येही पूर्ण सुटत नाहीत आणि घासत राहतात. नव्या प्लेटा जुन्या हबवर घातल्या तर वर्षभरात पुन्हा येथेच याल. टेपर बेअरिंग दोन्ही बाजूंचे एकदम बदला, कारण पंख्याचा सगळा रेटा तेच घेते. बेअरिंग अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्या. नावाजलेल्या कंपन्यांच्या खोक्यांत नकली माल विकला जातो आणि तो नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाही.

कूलर उघडला का?

---

जुना तांडेल | २० जून, सकाळी ६.१०

गेल्या एक-दोन वर्षांत खाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) तुटला होता का, आणि तुटला असेल तर त्याची सगळी पाती मोजून बाहेर काढली होती का, एवढेच विचारायचे आहे.

---

मिऱ्याचा वारा | २१ जून, सायंकाळी ७.३०

आपला प्रश्न वाचला आणि तसाच उठून कूलर सोडवायला गेलो.

होय. गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये समुद्रात असतानाच इंपेलर तुटला होता. खलाशांनी तेथेच नवीन बसवला, पाणी सुरू झाले आणि त्या गडबडीत जुन्याच्या तुटलेल्या पात्यांचा विचार कोणी केला नाही. मीही तेव्हा नौकेवर होतो, त्यामुळे ही चूक माझीही आहे. आज कूलरचे झाकण काढले तर पाणी आत शिरते त्या तोंडाशी रबराची तीन पाती आडवी बसलेली होती. त्यांना धरून शिंपल्यांचे तुकडे आणि चुन्यासारखा थर साचला होता. निम्म्याहून अधिक नळ्या बंद होत्या. इंजिनाचा कूलर वेगळ्या फाट्यावर असल्यामुळे इंजिनाचे तापमान कधी वाढले नाही आणि आम्हाला काहीच कळले नाही. नोव्हेंबरपासून मेपर्यंत पेटी तापलेल्या तेलावर चालत होती.

---

शाफ्टलाइन | २१ जून, रात्री ९.००

जुना तांडेल यांना नमस्कार. मी उष्णतेपर्यंत पोहोचलो होतो, पात्यांपर्यंत नाही.

आता साखळी पूर्ण दिसते. कूलर तुंबला, तेल तापले, सील कडक झाले, दाब गळू लागला. त्यात केबलने लिव्हर अलीकडेच थांबवला. पुढचा क्लच अर्धवट दाबाखाली घसरत राहिला आणि त्या घसरण्याने आणखी उष्णता दिली. मे महिन्यात नवीन पेटी बसवली असती तर याच कूलरवर आणि याच केबलवर बसवली असती.

कूलरच्या नळ्या दोन्ही बाजूंनी साफ करा, परंतु पोलादी सळई घालू नका, लाकडी किंवा प्लास्टिकची काडी वापरा. नंतर तेलाच्या बाजूला हवेचा दाब देऊन तो पाण्यात बुडवा. एक जरी बुडबुडा आला तरी कूलर बदला. खारे पाणी तेलात गेले तर प्लेटांचे अस्तर सुटते आणि बेअरिंग एका रात्रीत गंजतात. कूलरची तेलाची बाजू आणि दोन्ही होजपाइप डिझेलने धुऊन हवेने फुंकून काढा, नाहीतर जळलेल्या अस्तराचा चुरा नव्या प्लेटांत परत जाईल. ही पायरी कोणी सहसा करत नाही.

---

खाडीपलीकडे | २२ जून, सकाळी ८.२०

प्लेटांबाबत एक विचारतो. मूळ कंपनीच्या प्लेटांचा संच महाग पडतो. आमच्याकडे एक कारागीर जुन्या प्लेटांवर नवीन अस्तर चिकटवून देतात, आणि आमच्या एका नौकेत तशा प्लेटा दोन हंगाम तक्रारीविना चालल्या आहेत. मिऱ्याचा वारा यांनी तो पर्याय विचारात का घेऊ नये?

---

शाफ्टलाइन | २२ जून, दुपारी १.१०

आपला अनुभव मी नाकारत नाही, तरी मी तसे करणार नाही. अस्तराची जाडी सगळीकडे सारखी लागते. एका प्लेटमागे दशांश मिलिमीटरचा फरक पडला तरी आठ प्लेटांत तो जवळजवळ एक मिलिमीटर होतो आणि पिस्टनची चाल बदलते. शिवाय अस्तर सुटले तर बंदरात सुटत नाही, भर ओढीत सुटते. आपल्या त्या नौकेवर जाळे कोणते आहे?

---

खाडीपलीकडे | २२ जून, रात्री ८.४५

ती नौका गिलनेटची (पाण्यात उभे सोडलेल्या जाळ्याची) आहे, ट्रॉलर नाही, आणि तिच्या पेटीवर तासन्‌तास ओढीचा भार येत नाही हे मान्य करतो. ट्रॉलरसाठी मी स्वतःही मूळ प्लेटाच घेईन. मात्र लहान गिलनेट नौकेला त्या खर्चाची सक्ती करू नये, हे माझे मत मी कायम ठेवतो.

---

मिऱ्याचा वारा | १४ जुलै, रात्री ९.३०

मूळ प्लेटा, नवीन हब, रिंगा, सर्व सील, दोन टेपर बेअरिंग, डँपरचे ठोकळे आणि नवीन केबल असा माल आला. मजुरीसह एकूण १ लाख १८ हजार झाले. अंदाजापेक्षा ३३ हजार जास्त आहेत, त्यातला मोठा वाटा हबचा आहे. वडिलांनी स्वतः बसून जुना आणि नवीन हब शेजारी ठेवून पाहिले आणि मगच होकार दिला.

जोडणी दोन दिवस चालली. प्लेटा रात्रभर तेलात भिजत ठेवल्या होत्या. बेअरिंग ठोकून न बसवता तेलात सुमारे १०० अंशांपर्यंत तापवून बसवले, हाताच्या हलक्या दाबाने ते जागेवर सरकले. शिम (जाडी जुळवण्याच्या पातळ चकत्या) घालताना मिस्त्रींनी डायल गेज लावून शाफ्टची पुढे-मागे हालचाल तीनदा मोजली. पहिल्यांदा ती पुस्तकातल्या मर्यादेपेक्षा जास्त आली, म्हणून एक शिम काढून पुन्हा बंद केले. किनाऱ्यावरच इंजिन चालवून दाब घेतला: तापल्यावर पुढे १५, मागे १५. या वेळी तासाभराने तेल ५२ अंशांवर होते.

---

वेलदूरचा प्रवासी | १५ जुलै, सकाळी ९.००

धागा पहिल्यापासून वाचतो आहे. भर समुद्रात क्लच पूर्ण सुटला तर दुसऱ्या नौकेने ओढून आणण्याखेरीज काही उपाय असतो का?

---

शाफ्टलाइन | १५ जुलै, दुपारी १२.३०

बऱ्याच हायड्रॉलिक पेट्यांमध्ये पुढचा क्लच बोल्टने आवळून कायमचा धरून ठेवण्याची सोय असते. इंजिन बंद करून, बूच काढून, ठराविक बोल्ट क्रमाने सारखे आवळायचे. मग इंजिन सुरू होताच पंखाही फिरू लागतो. न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही, म्हणून सुरू करण्याआधी समोर मोकळे पाणी हवे आणि बंदरात शिरताना इंजिन बंद करून दोराने लागावे लागते. फेऱ्या कमी ठेवायच्या आणि घरी यायचे, जाळे ओढायचे नाही. तुमच्या पेटीत ही सोय आहे का, तिचे बोल्ट कोठे आहेत आणि त्याला कोणता पाना लागतो, हे किनाऱ्यावर असतानाच पाहून ठेवा आणि तो पाना इंजिनाच्या खोलीत टांगून ठेवा.

---

मिऱ्याचा वारा | ४ ऑगस्ट, रात्री १०.००

नौका पाण्यात उतरवून दोन दिवस तशीच उभी ठेवली, डिझेलची टाकी अर्धी भरली आणि मग फ्लँज जुळवायला घेतला. आमचा फ्लँज १५० मिलिमीटरचा आहे. दर १०० मिलिमीटर व्यासाला ०.१ मिलिमीटर या हिशेबाने आम्हाला ०.१५ ची मर्यादा होती. पाण्यात पहिले माप वरच्या बाजूला ०.४० आले. जमिनीवरच्या १.२ चा त्याच्याशी काही संबंध उरला नव्हता.

मिस्त्रींनी आणखी एक तपासणी केली, ती मला ठाऊक नव्हती. पेटीचा फ्लँज स्थिर ठेवून त्यांनी शाफ्टचा फ्लँज अर्धा फेरा फिरवला आणि पुन्हा माप घेतले. मोठी फट शाफ्टबरोबर फिरून खाली गेली असती तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा त्याचा फ्लँज तिरका बसला आहे असे ठरले असते. आमची फट वरच राहिली, म्हणजे शाफ्ट सरळ आहे आणि इंजिन बसवण्यात फरक आहे. इंजिनाच्या पुढच्या दोन पायांखाली शिम घालून सायंकाळपर्यंत ती ०.१२ वर आणली. एका पायाखालचे फाउंडेशनचे लाकूड थोडे मऊ लागले, तेथे पोलादी पट्टी घातली आहे. पुढच्या बंदीत ते लाकूड बदलायचे आहे.

---

जुना तांडेल | ५ ऑगस्ट, सकाळी ५.४५

समुद्राच्या चार-पाच सफरी झाल्या की फ्लँजचे बोल्ट पुन्हा तपासा आणि फट एकदा मोजा. नवीन शिम बसायला तेवढे दिवस घेतात.

---

मिऱ्याचा वारा | २७ ऑगस्ट, रात्री ८.५०

पन्नास तास पूर्ण झाले, म्हणून आज पहिले तेल बदलले. जाळे ओढत सलग चार तास चालल्यावर पेटीचे तापमान ६८ अंश आणि पुढचा दाब १५ मिळाला. तापमापक आता पेटीवर कायमचा बसवला असून त्याचा काटा केबिनमधून दिसतो. काढलेले तेल स्वच्छ होते, गाळणीवर नव्या प्लेटांची थोडी राखाडी भुकटी होती, धातूचा कण नव्हता. फ्लँजचे दोन बोल्ट पाव फेरा सैल निघाले, ते आवळले. फट ०.१३ आहे.

इंपेलर या बंदीत नवीन बसवला होताच. जुन्याला सहा पाती होती आणि सहाही मोजून घेतली.